पंचाहत्तर ओहमचा हिशेब

व्हिडिओ केबलमधली तार किती जाड असावी हे एकट्या तारेवरून ठरत नाही. सहअक्ष केबलमध्ये मधली तार, तिच्याभोवती इन्सुलेशन आणि बाहेर तांब्याची जाळी अशी रचना असते. तिचे इंग्लंडमधील पेटंट ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये घेतले. अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन एफेल यांनी १९२९ मध्ये दूरचित्रवाणीसारखे रुंद पट्ट्याचे संकेत वाहून नेण्यासाठी तिचे पेटंट मागितले. केबलचा इम्पिडन्स तारेच्या आणि जाळीच्या व्यासांच्या गुणोत्तरावर व मधल्या पदार्थावर अवलंबून असतो. मध्ये हवा असेल, तर हे गुणोत्तर सुमारे ३.६ असताना संकेताची घट सर्वांत कमी होते. तेव्हा इम्पिडन्स ७७ ओहम भरतो. व्हिडिओसाठी रूढ झालेले ७५ ओहम त्याच्याच जवळचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने केबलींना ‘आरजी’ क्रमांक दिले. आरजी-५९ ची तार ०.५८ मिमी, तर इन्सुलेशन ३.७ मिमी. आरजी-११ ची तार १.६ मिमी, इन्सुलेशन ७.२ मिमी. तार जाड केली की इन्सुलेशनही वाढवावे लागते, नाहीतर ७५ ओहम टिकत नाहीत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, रंगीत प्रसारण १९८२ मध्ये आले. पुढे व्हीसीआर घरोघरी पोचला आणि हौशी मंडळी घरीच केबल बनवू लागली. जाळी मागे सारून तिला पीळ द्यायचा, इन्सुलेशन कापून तार उघडी करायची, ती आरसीए पिनच्या मधल्या टोकाला आणि जाळी कडेच्या पत्र्याला सोल्डर करायची. माइकची शिल्डेड वायरही एक-दोन मीटरपर्यंत चालून जाई, कारण ५ मेगाहर्ट्झच्या संकेताची केबलमधली तरंगलांबी सुमारे ४० मीटर असते. लांबी वाढली की टोकाकडून परतलेला संकेत चित्राच्या कडा बिघडवी.

मोठ्या अंतराला तारेचा धातूही पाहावा लागतो. ५ मेगाहर्ट्झला विद्युतप्रवाह तांब्याच्या वरच्या सुमारे ०.०३ मिमी थरातूनच वाहतो. म्हणून डिश अँटेनाच्या केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार चालते. व्हिडिओ संकेतात मात्र खाली ५० हर्ट्झपर्यंत उतरणारे घटकही असतात आणि ते पूर्ण तारेतून वाहतात. तिथे पोलादाचा रोध आड येतो, म्हणून भरीव तांब्याची तार घ्यावी. आरजी-५९ ची तांब्याची तार १०० मीटरला सुमारे ६.५ ओहम रोध देते. घरगुती जोडणीला हे चालते. शेकडो मीटरसाठी आरजी-११ लागते.