शांता आपटे

शांता आपटे (इ.स. १९१६ - २४ फेब्रुवारी, इ.स. १९६४) या मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री आणि गायिका होत्या. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटातील नायिका म्हणून त्या विशेष ओळखल्या जातात. कंपनीशी झालेल्या वादात त्यांनी स्टुडिओच्या दारात केलेले उपोषण आणि त्यानंतर लिहिलेले ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक यांमुळे चित्रपटव्यवसायातील श्रमांच्या इतिहासातही त्यांना स्थान आहे.

== सुरुवातीचे जीवन ==
शांता आपटे यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे झाला. त्यांनी लहानपणी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले. भालजी पेंढारकर दिग्दर्शित ‘श्यामसुंदर’ (१९३२) या चित्रपटातून त्यांचे पडद्यावर पदार्पण झाले.

== प्रभातमधील कारकीर्द ==
व्ही. शांताराम यांच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटाने त्यांना प्रसिद्धी मिळाली. संगीतकार केशवराव भोळे यांनी त्यांच्या गळ्याला मानवेल अशी सुटसुटीत भावगायनाची शैली वापरली. गातानाही त्या चेहऱ्याने व हातांनी बोलत. रंगभूमीच्या ठाशीव अभिनयाची सवय असलेल्या प्रेक्षकांना हे नवे होते. ‘अमरज्योती’ (१९३६) आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८) हे त्यांचे प्रभातचे अन्य चित्रपट.

‘कुंकू’ हा ना.ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारित असून त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या नावाने निघाली. फसवणुकीने एका वृद्ध विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानण्यास अखेरपर्यंत नकार देते. वकिलाची भूमिका केशवराव दाते यांनी केली. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला नीरा छडीने झोडपते तो प्रसंग, तसेच लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता ती गाते तो प्रसंग, हे दोन्ही गाजले. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे नीरेचा राग मुख्यतः आवाज आणि नजर यांवरच उभा राहतो, आणि तो आजही जुना वाटत नाही.

== उपोषण आणि पुस्तक ==
करार व वेतनाच्या प्रश्नावरून मतभेद झाल्यावर जुलै १९३९मध्ये आपटे यांनी पुण्यातील प्रभात स्टुडिओच्या प्रवेशद्वारापाशी उपोषण केले. (याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.) नामांकित नायिकेने मालकाच्या दारात बसावे ही त्या काळी अपूर्व घटना होती आणि वृत्तपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली. त्यानंतर त्या प्रभातमधून बाहेर पडल्या.

१९४० साली त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकावरून ते हौशी मुलामुलींसाठीचे मार्गदर्शन वाटते. प्रत्यक्षात त्यात नटनट्यांची दमछाक, कामाचे तास आणि भांडवलदार मालकांची पकड यांचे विवेचन आहे. अभिनय हेही श्रमाचेच काम आहे, असा त्याचा रोख आहे.

== नंतरचा काळ ==
प्रभात सोडल्यावर त्या एका संस्थेत स्थिरावल्या नाहीत. ‘सावित्री’ (१९४१) या तमिळ चित्रपटासाठी त्यांनी ती भाषा शिकून घेतली, त्यात एम.एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या. पुढे लाहोरच्या पांचोलींचा ‘जमीनदार’ (१९४२), नूरजहाँ यांच्यासोबतचा ‘दुहाई’ (१९४३), मास्टर विनायक यांचा ‘सुभद्रा’ (१९४६) आणि ‘स्वयंसिद्धा’ (१९४९) हे त्यांचे चित्रपट आले. नीरेच्या तोडीची भूमिका मात्र त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९५०च्या दशकात त्या प्रामुख्याने पौराणिक चित्रपटांत दिसल्या. त्यांचे निधन मुंबईत झाले.