वेष्टनावरील नावे



ज्या माणसाने उभे आयुष्य कामगार संघटनेत घालविले, त्याने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून विलायती रॉक संगीताच्या तबकडीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनाही ते वाटले. 'किमान वेतन' असा एखादा विषय घ्यावा, असे त्यांनी सुचविले. आम्ही त्यांना म्हटले, "विषय तोच आहे साहेब, कारखाना तेवढा निराळा आहे."

हा निराळा कारखाना मुंबईच्या फोर्ट विभागात फिरोजशहा मेहता रस्त्यावर युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत होता. तेथे एच. एम. व्ही. कंपनीचे ध्वनिमुद्रणगृह होते. जानेवारी १९६८ मध्ये तेथे जे काम झाले, त्याची तबकडी जगभर गेली. तिच्या साठाव्या वर्षाची नवी आवृत्ती निघावी, अशी आशा तिचे चाहते बाळगून आहेत. त्या आशेत आपलाही काही वाटा आहे, हे सांगण्यासाठी आम्ही येथे आलो आहो.

या विषयाकडे आम्ही वळलो ते चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका उपाहारगृहात. टूलरूममध्ये उमेदवारी करणारा एक मुलगा कानांत नळ्या घालून बसला होता. त्याने आम्हांला मोबाइलवर एका जुन्या तबकडीचे वेष्टन दाखविले व विचारले, "काका, हा आपलाच माणूस दिसतो का हो?" पाहतो तो इंग्रजी अक्षरांत 'हनुमान जादेव' असे नाव, आणि पुढे वाद्य सनई. जादेव आडनावाचा माणूस आम्हांला मराठवाड्यात अद्याप भेटलेला नाही. जाधव मात्र गल्लोगल्ली आहेत. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे, पुढचे सारे ग्रंथालयात झालेले. त्या एका आडनावापायी आम्ही पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढलो.

ती तबकडी म्हणजे जॉर्ज हॅरिसन यांची 'वंडरवॉल म्यूझिक'. इंग्लंडातील लिव्हरपूल या बंदराच्या गावी चार तरुणांनी बीटल्स नावाचा वाद्यवृंद काढला आणि १९६३-६४ पासून त्याने जगाला वेड लावले. हॅरिसन हे त्या चौघांपैकी एक. त्यांचे वडील बसवर नोकरी करीत. ते स्वतः शाळा सोडल्यावर काही काळ वीजतंत्र्याच्या हाताखाली उमेदवार होते. कामगाराच्या घरचा हा मुलगा पुढे सतारीच्या नादी लागला. सप्टेंबर १९६६ मध्ये तो मुंबईस येऊन पंडित रविशंकर यांच्यापुढे शिष्य म्हणून बसला.

पुढच्याच वर्षी बीटल्सची 'सार्जंट पेपर' ही तबकडी निघाली. तीत हॅरिसन यांचे एक गीत आहे. त्याला लंडनमधील हिंदी वादकांनी साथ केली : दिलरुबा, तंबोरा, तबला. तबकडीच्या वेष्टनावर जगातील कितीतरी नामवंतांची चित्रे दाटीवाटीने मांडली होती. या वादकांना मात्र त्या वेष्टनावर नावापुरतीही जागा मिळाली नाही. २०१७ साली तबकडीला ५० वर्षे झाली, लिव्हरपूलच्या विद्यापीठातील मंडळींनी शोध घेतला, आणि तेव्हा कोठे अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा व नटवर सोनी ही नावे लोकांपुढे आली. ऐन तारुण्यात वाजविलेल्या साथीची पावती मिळायला अर्धे शतक गेले.

आता आपल्या मुंबईच्या तबकडीकडे वळू. ज्यो मॅसॉट या दिग्दर्शकाच्या 'वंडरवॉल' चित्रपटाचे संगीत हॅरिसन यांच्याकडे आले. काही भाग त्यांनी लंडनला मुद्रित केला आणि उरलेल्यासाठी ते जानेवारी १९६८ मध्ये मुंबईस आले. येथील ध्वनिमुद्रणगृहात तेव्हा एकमार्गी यंत्र होते. कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांनी दुहेरी मार्गाचे यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने स्वतः मुंबईस आणले. हेच मेनन पुढे अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीचे प्रमुख झाले. खोलीला बाहेरचा आवाज अडविण्याची सोय पुरेशी नव्हती. नीट कान दिला तर काही तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असे हॅरिसन यांनीच पुढे सांगितले. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटत, जिन्यावर कारकुनांच्या पायांचा गडगडाट होई, आणि तेवढा वेळ मुद्रण थांबवावे लागे. ज्यांनी कारखान्याचा भोंगा ऐकला आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. जगप्रसिद्ध संगीतकाराचे काम मुंबईच्या चाकरमान्यांसाठी थांबत होते!

आणि तेथे वाजवीत कोण होते? सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, सतारीवर शंभू दास, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे, हार्मोनियम व तबलातरंगावर रिजराम देसाद, आणि सनईवर आपले हनुमान 'जादेव'. त्याच दिवसांत एका गीताची साथही मुद्रित झाली. तीत हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. 'द इनर लाइट' हे ते गीत मार्च १९६८ मध्ये बीटल्सच्या छोट्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला निघाले. बीटल्सच्या अशा तबकडीवर येणारे हॅरिसन यांचे ते पहिलेच गीत होते. 'वंडरवॉल म्यूझिक' १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडात प्रसिद्ध झाली. बीटल्सपैकी कोणीही एकट्याच्या नावाने काढलेली ती पहिली एल. पी. तबकडी होय, आणि त्यांच्या ॲपल कंपनीचीही ती पहिलीच एल. पी. होती.

एक गोष्ट हॅरिसन यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे. या वेष्टनावर त्यांनी वादकांची नावे छापली. 'सार्जंट पेपर'च्या मानाने हे मोठेच पाऊल होते. पण छापील नावे पाहा : शिवकुमार शर्मा यांचे 'शेरमार' झाले आहे, आणि सनईवाल्यांचे 'जादेव'. शर्माजींचे काही बिघडले नाही. संतूर म्हटले की त्यांचेच नाव निघते. बिघडते ते ज्याची तेवढी एकच नोंद असते त्याचे. हजेरीपटावर नाव चुकले तर भविष्यनिर्वाह निधीचे पैसे अडकतात, आणि विधवा कचेरीच्या पायऱ्या झिजविते. हा हिशेब आम्ही पस्तीस वर्षे पाहत आलो आहो.

चाहत्यांची आशा कशावर उभी आहे, तेही सांगतो. ही तबकडी १९९२ मध्ये सी. डी. रूपाने आली. २०१४ मध्ये ती हॅरिसन यांच्या ॲपल काळातील संचात पुन्हा निघाली, आणि 'इनर लाइट'च्या साथीचा एक वेगळा मुद्रित तुकडा तीत जोडला गेला. म्हणजे फिती शिल्लक आहेत. पुढे हॅरिसन यांच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'ची अर्धशतकी आवृत्ती २०२१ मध्ये, व 'लिव्हिंग इन द मटीरिअल वर्ल्ड'ची २०२४ मध्ये थाटामाटाने निघाली. तेव्हा २०२८ मध्ये साठ वर्षे पुरी होताना मुंबईच्या तबकडीचीही पाळी यावी, असे चाहते म्हणतात. त्यांना हवे आहेत ते न वापरलेले तुकडे, स्वच्छ केलेला आवाज, सुबक पेटी. यांत गैर काही नाही. आम्हांला मात्र त्या पेटीत आणखी एक कागद हवा आहे : कोणत्या दिवशी कोणी कोणते वाद्य वाजविले, त्याची शुद्ध नावांची यादी.

२०२८ हे साल दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचे आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९६८ च्या मुद्रणाचा हक्क भारतात ३१ डिसेंबर २०२८ ला संपेल. स्वररचनेचा हक्क राहीलच. हॅरिसन २००१ साली वारले, त्यानंतर साठ वर्षे तो चालेल. पण मुद्रण खुले झाले की ज्याला त्याला ते छापता येईल, आणि जो तो जुन्याच वेष्टनावरून नावे उतरवून घेईल. 'शेरमार' आणि 'जादेव' मग कायमचे होतील.

वादकाच्या हक्काची कथा याहून उशिराची आहे. ध्वनिमुद्रणगृहातील साथीदार पाळीचे पैसे घेई आणि घरी जाई. तबकडी किती खपली याच्याशी त्याचा संबंध उरत नसे. आपल्या कायद्यात कलावंत म्हणून त्याला स्वतंत्र हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. युरोपात २०११ साली मुद्रणाचा हक्क पन्नासावरून सत्तर वर्षांवर नेला गेला, आणि ब्रिटनने तो २०१३ मध्ये लागू केला. तो वाढविताना एक चांगली अट घालण्यात आली : ज्या साथीदारांनी एकरकमी मोबदला घेऊन हक्क सोडले होते, त्यांच्यासाठी वाढीव वर्षांतील उत्पन्नाचे वीस टक्के बाजूला काढावेत. ही वादकांच्या चळवळीची कमाई आहे. असा वाटा मुंबईच्या वादकांच्या घरांपर्यंतही यावा, ही मागणी आम्ही येथे नोंदवितो. पण ज्याचे नाव चुकले आहे, त्याचा वाटा कोणत्या पत्त्यावर पाठविणार?

आमच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगून संपवितो. आम्ही जेथे फिटर होतो, त्या कारखान्याचा रौप्यमहोत्सव झाला. गुळगुळीत कागदाची स्मरणिका निघाली. संचालकांची छायाचित्रे होती, यंत्रांचीही होती, आणि प्रत्येक यंत्राचे नाव व बनावटीचे साल बिनचूक दिले होते. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसांच्या चित्राखाली 'कामगार' एवढेच होते. आमच्या शेजारी बसलेल्या वयस्कर लेथवाल्याने खिशातून बॉलपेन काढले, आपल्या चित्राखाली आपले नाव लिहिले, आणि स्मरणिका मुलीला दाखवायला घरी नेली. आम्ही त्या दिवशी व्यवस्थापनाकडे तक्रार केली नाही, याची खंत अजून आहे.

शिवकुमार शर्मा मे २०२२ मध्ये गेले, आशिष खाँ नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्या खोलीत कोण कोठे बसले होते हे सांगू शकणारी माणसे कमी होत चालली आहेत. तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या घरी, नात्यात, सनईवाल्यांच्या किंवा बँडवाल्यांच्या वस्तीत, मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात वाजवून आलेला कोणी असेल, तर त्याची पावती, डायरी, छायाचित्र जपून ठेवा, आणि त्याचे पूर्ण नाव शुद्ध अक्षरांत लिहून घ्या. तबकडी कंपनी काढील. नावे आपणच पुरविली पाहिजेत. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.