जुन्या नोटेची किंमत

गिरगांवांतील किंवा दादरमधील एखादी जुनी चाळ पुनर्बांधणीसाठीं रिकामी होऊं लागली म्हणजे माळ्यावरच्या ट्रंका खालीं उतरतात, आणि पोथीच्या पानांत किंवा विम्याच्या कागदांत एखादी जुनी नोट सांपडते. घरांतील मंडळींना आनंद होतो. आणि पुष्कळदां त्या आनंदाच्या भरांतच त्या नोटेचा घात होतो. कोणी ती ओल्या फडक्यानें पुसतो, कोणी तिच्यावर इस्तरी फिरवितो, कोणी फाटल्या जागीं चिकटपट्टी लावतो. संग्राहकाच्या हातीं जाईपर्यंत तिचें बरेंचसें मोल उतरलेलें असतें. धुतल्यानें कागदाची खळ जाते, शाई फिकी पडते. चिकटपट्टीचा पिंवळा डाग तर कायमचाच.

वास्तविक जुनी नोट ही आधीं वाचावयाची वस्तु आहे. प्रथम ती कोणीं काढली हें पाहावें. १८४० सालीं स्थापन झालेल्या बँक ऑफ बाँबेच्या नोटा निघत, त्यांतील कांहींवर मुंबईच्या टाउन हॉलचें चित्र असे, तर कांहींवर एल्फिन्स्टन आणि माल्कम यांचे पुतळे. १८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला; आणि ही बँकही कापसाच्या सट्टेबाजीच्या पडझडीनंतर १८६८ सालीं मोडली. तिची नोट घरांत सांपडणें हा दुर्मिळ योग होय.

सरकारी नोट मात्र सर्व देशभर सारखी चालत नसे. देशाचे चलनविभाग पाडलेले होते, आणि ज्या विभागाचें नांव नोटेवर असेल तेथेंच ती कायदेशीर. मुंबईखेरीज नागपूर व अकोला हींही कांहीं काळ अशीं ठिकाणें होतीं. १९०३ सालीं पांचाची नोट ब्रह्मदेश सोडून सर्वत्र चालूं लागली, आणि १९११ पर्यंत शंभरापर्यंतच्या नोटांचें हें बंधन सुटलें. म्हणूनच एकाच सालच्या, एकाच रकमेच्या दोन नोटांत ठिकाणाच्या एका नांवामुळें किमतीचें मोठें अंतर पडतें. नोट जितकी जुनी तितकी महाग, हा समज चुकीचा आहे. त्या ठिकाणच्या किती नोटा उरल्या, हा खरा प्रश्न.

या काळांतील एकाच बाजूस छापलेली नोट कधीं कधीं मधोमध कापून पुन्हां जोडलेली आढळते, आणि पाहणारा ती निकामी समजतो. टपालांत चोरी होऊं नये म्हणून व्यापारी नोटेचे दोन तुकडे करीत. एक आधीं धाडीत आणि तो पोंचल्याचें उत्तर आल्यावर दुसरा पाठवीत. क्रमांक दोन ठिकाणीं छापलेला असल्यामुळें प्रत्येक तुकड्यावर तो येई. ते जुळत असतील तर ती अस्सल जोडनोट. ती अखंड नोटेइतकी महाग नसते, परंतु त्या कापण्यामागील व्यवहार ध्यानीं घेतला तर तिला कमी लेखणें अरसिकपणाचें होईल. कोऱ्या पाठीवरील पेढीचे शिक्के आणि सह्या खोडूं नयेत, हें वेगळें सांगावयास नको.

परळ-लालबागच्या गिरणगांवांत नोटेची खरी ओळख झाली असेल ती १९१७ नंतर. तोंवर सर्वांत लहान नोट पांच रुपयांची, आणि पांच रुपये म्हणजे मजुराच्या घरीं मोठी रक्कम. पहिल्या महायुद्धांत चांदी महागली, तेव्हां सरकारनें एक रुपयाची आणि पाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढली. अडीचाची नोट आज गमतीची वाटते. पण ती दहाचा सरळ चौथा हिस्सा होती. या अडीचाच्या नोटेवर क्रमांकाआधीं ‘बी’ हें इंग्रजी अक्षर असेल तर ती मुंबई विभागाची. दोन्ही नोटा १९२६ च्या आरंभीं बंद झाल्या. हातोहात फिरून त्या इतक्या झिजल्या कीं, कोरी प्रत मिळणें कठीण.

रिझर्व्ह बँक १९३५ सालीं स्थापन झाली आणि तिच्या स्वतःच्या नोटा १९३८ पासून निघाल्या. त्यांत सही पाहावी. आधीं टेलर यांची, आणि १९४३ पासून चिंतामणराव देशमुख या पहिल्या भारतीय गव्हर्नरांची. १९४३ सालीं निघालेली दोन रुपयांची नोट दोघांच्याही सहीची मिळते. जानेवारी १९४६ मध्यें पांचशें, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. त्यामुळें तशी नोट घरीं निघालीच तर ती जाणकाराला दाखविल्याविना देऊं नये.

राहिलीं टांचणीचीं भोकें. त्यांनीं पुष्कळजण उगाच खट्टू होतात. नोटांच्या गड्ड्या टांचून ठेवण्याची बँकांची रीत होती. ती बंद करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेनें २००१ सालीं दिला. भोकें नसतील तर किंमत वाढते हें खरें, परंतु तीं असलीं म्हणून नोट टाकाऊ ठरत नाहीं. तीं कागदाच्या लगद्यानें बुजविलेली नोट मात्र उजेडासमोर धरतांच ओळखूं येते, आणि मग संग्राहक तिची बाकीची खूणही संशयानेंच पाहूं लागतो.