आयशर आणि इर्जिक

१९५९ साली फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून, जर्मन सहकार्याने, भारतात जुळणी झालेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. नगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात वाढलेल्या आमच्या पिढीच्या कानांत एका सिलिंडरच्या त्या आयशरची संथ धडधड अजून घुमते. आठवड्याची नांगरट त्याने दिवसावर आणली, बैलांच्या मानेवरचे जू उतरवले. ते ऋण आम्ही मानतो. परंतु त्याच्यामागोमाग इर्जिकही ओसरली. पूर्वी अडलेल्याचे शेत नांगरून द्यायला शेजारी आपापल्या बैलजोड्या घेऊन येत. मोबदला एका जेवणाचा. ट्रॅक्टरचे भाडे मोजले की शेजाऱ्याची गरज उरेना. यंत्र राहो, मात्र अडल्याच्या बांधावर न बोलावता उभे राहण्याची रीत आपल्या धर्मग्रामात पुन्हा रुजली पाहिजे.