दख्खनचा लुटारू

मागच्या शनिवारी जालन्याला गेलो होतो. काकांनी विहीर खोल करायला घेतलीय. वाकून पाहिलं तर काळ्या पाषाणात मध्येच वीतभर तांबडा पट्टा. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्यावर माती झाली, मग पुढचा थर येऊन ती भाजली. दोन लाव्हांमधली सुट्टीच म्हणा. (हजारो वर्षांची. आमच्या एचआरने शिकावं.)

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशा सुट्टीत दख्खनवर कोण राहत होतं? १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी विकाराबादजवळच्या नसकलला काही इवले दात शोधले. तळ्यातला जुना गाळ चाळण्यांतून धुवायचा आणि उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचं, असं हे काम. प्राण्याचं नाव डेक्कनोलेस्टिस, म्हणजे दख्खनचा लुटारू! लूट कसली, तर किड्यांची. दातांची टोकं किड्यांची कवचं फोडायला योग्य. पुढे घोट्याची हाडं मिळाली, ती झाडावर चढणाऱ्याची. डायनोसॉर अजून होते, तेव्हा हा बहुधा रात्रीच बाहेर पडत असणार.

मला वाटलं होतं, भारत गोंडवनातून निघालेला, म्हणजे हा पोटाला पिशवी असलेला असणार. ऑस्ट्रेलियात रात्री किडे खाणारा मूठभर डनार्ट तसाच आहे. पण नाही, दात सांगतात की हा आपल्या बाजूचा, वार असलेल्या सस्तनांच्या वंशाजवळचा. मग तेव्हा बेट असलेल्या भारतात तो आला कुठून? यावर अजून वाद चालू आहे. २०१० च्या अभ्यासात त्याचं नातं आफ्रिका-युरोपातल्या नंतरच्या प्राण्यांशी जुळलं. म्हणजे डायनोसॉर संपले, याचं गोत टिकलं.

पहिल्या जातीचं नाव हिस्लोपी. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजवाले स्टीफन हिस्लॉप, मिशनरी. धर्मप्रचारातून वेळ काढून लाव्हाच्या थरांमधले जीवाश्म गोळा करायचे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पाण्यात बुडून गेले. दात सापडायला अजून सव्वाशे वर्षं होती.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाणी लागंल का ते सांग."

भाजलेल्या तांबड्या मातीत दात मिळणं अवघडच, ते तळ्याच्या गाळात टिकतात. तरी पिशवीभर घेऊन आलोय. आईची रव्याची चाळणी मागितलीय, अजून मिळालेली नाही.