औषधानंतरचा प्रश्न

सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीवरील मोफत औषधे २००४ साली मिळू लागली, मुंबईचे जे. जे. हे पहिल्या केंद्रांपैकी एक. मुलांसाठीची स्वतंत्र योजना २००६ अखेरची. मुले जगू लागली. मात्र हा विषाणू वाढत्या मेंदूलाही इजा करतो. मूल उशिरा चालते, उशिरा बोलते. अशा मुलाला व्यायाम, खेळ, शाळा हाही उपचारच.

लातूर जिल्ह्यातील हासेगावात रवी बापटले यांनी २००७मध्ये ‘सेवालय’ काढले. २००९मध्ये तिथली मुले गावच्या शाळेत बसू लागली, तेव्हा पालकांनी आपापली मुले काढून घेतली. गोळी होती, पण शेजारी बसायला कोणी नव्हते! पुढे अठरा ओलांडलेल्यांनी जायचे कुठे, म्हणून ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ वसले. तिथे लग्नेही लागली.