स्टुलाला नाव नसतं

सर्कशीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मालकांची नावं लिहिली. वाघासमोर छाती काढून उभ्या राहणाऱ्या मास्तरांची लिहिली. पण वाघ ज्या स्टुलावर बसला ते स्टूल कुणी ठोकलं, कुणी पुसलं, गावोगाव कुणी वाहिलं? तिथं पान कोरं आहे. मला त्या कोऱ्या पानाबद्दल बोलायचंय.

आधी सनावळी. १८७९ साली चिरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली. कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी असलेले, घोड्यांचे जाणकार विष्णुपंत छत्रे यांनी ती पाहिली आणि १८८० साली आपली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. मग त्याच मुलखातून कार्लेकर, देवल, परशुराम अशा सर्कशी निघाल्या. इथवरचं पुस्तकांत सापडतं.

रिंगण त्याहून जुनं. ४२ फूट व्यास. अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप ॲस्टलेनं हे माप रूढ केलं. एवढ्या गोलात घोडा दौडला की पाठीवर उभ्या माणसाचा तोल राहतो. तेच माप जगभर गेलं. म्हणजे माप साहेबाचं. पण दोर?

दोर साहेबाचा नव्हता. सांगली-मिरज-तासगावच्या मुलखात दोर वळायचा तो मांगानं. कातडं कमवायचं ढोरानं, शिवायचं चांभारानं. गावगाड्यानं ही कामं जातीला बांधून दिलेली. त्या मुलखात तंबू उभा राहिला, घोड्याला लगाम चढला, मास्तरच्या हातात चाबूक आला. तर तो दोर, तो लगाम, तो चाबूक कुठल्या वस्तीतून आला असेल हे सांगायला ताम्रपट लागत नाही. मालकाचं नाव राहिलं. दोर कुजला, आणि वळणाऱ्याचं नाव त्याच्याबरोबर मातीत गेलं.

माझा चुलता एका सर्कशीत रिंगबॉय होता. बॉय कसला, केस पिकले तरी बॉयच. आम्ही त्याला आप्पा म्हणायचो. सामानाची विद्या मी त्याच्या तोंडून ऐकली.

“वाघाचं स्टूल म्हंजे निस्तं स्टूल न्हवं,” तो सांगायचा. “ज्याचं त्याला वासानं वळखू येतं. दुसऱ्याच्या जाग्यावर चढला की मारामारी.” म्हणून मांडणी चुकवायची नाही. वरची फळी नखांनी ओरबाडून निघायची. कुसळ पंजात घुसलं तर जनावर बिथरणार. म्हणून रोज फळीवर हात फिरवायचा, खिळ्याचं डोकं वर आलं असेल तर ठोकून आत घालायचं, वर गोणपाट ताणून बसवायचं, म्हणजे पंजा घसरत नाही. रंग द्यायचा तो खेळ बंद असताना. ओल्या रंगाच्या वासाला वाघ जवळ फिरकत नाही.

आगीची रिंग म्हणजे लोखंडी कडं. त्याला चिंध्या गुंडाळायच्या, रॉकेलात भिजवलेल्या. भिजवून घट्ट पिळायच्या. रॉकेल ठिबकत राहिलं तर जळता थेंब जनावराच्या पाठीवर पडणार. पिळून पिळून आप्पाच्या हाताची सालटं निघालेली. लोकांनी टाळी वाजवली ती उडीला. पिळणीला कोण वाजवतो?

हत्तीच्या स्टुलाचं आणखी वेगळं. तीन टनांचं धूड चार पाय गोळा करून त्यावर उभं राहणार. एक बोल्ट ढिला राहिला की संपलं. पावसाळ्यात पिंजऱ्याच्या जाळ्यांना गंज धरायचा, त्यांना ग्रीस. साखळीला तेल. ही साखळी हत्तीच्या पायातली, अंकुश त्याच्या कानामागचा. हे सामान खेळाचं नव्हतं, धाकाचं होतं. माणसाचं कष्ट सांगताना मी जनावराचं दुःख झाकणार नाही. पण साखळीला तेल देणाराही पोटाच्या साखळीला बांधलेला होता, हेही झाकणार नाही.

आणि प्रवास! आधी बैलगाड्या, मग रेल्वे, मग ट्रक. मालगाडीच्या डब्याला आपल्याकडं वाघीण म्हणतात. सर्कशीच्या वाघिणीत खरोखरीचा वाघ असायचा. छत्र्यांची सर्कस बोटीनं सिलोनला आणि त्यापुढं आग्नेय आशियात गेली. पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे १९४० साली अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत जाऊन नावाजले. धोत्र्यांचं नाव राहिलं, राहिलंच पाहिजे. पण आमचे खलाशी सामानावर पाठ टेकून मुलूख फिरले. गाव दिसलं ते रात्री खांब उतरवताना आणि रात्री खांब चढवताना.

मग कायदा आला. १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल, माकड यांचे खेळ बंद झाले. सर्कसवाले व्यवसायाचा हक्क मागत कोर्टात गेले. २००१ साली सुप्रीम कोर्टानं बंदी कायम केली. बरंच झालं. मुक्या जनावराला कधी नव्हे ती दाद मिळाली. त्यांच्यासाठी सरकारनं निवारा केंद्रंही काढली. पण त्या अधिसूचनेत जनावरांची यादी आहे, माणसांची नाही. हक्क मागितला तो मालकानं, मालकीचा. रिंगबॉयची विद्या कुठल्या अर्जात लिहिली होती? वाघ केंद्रात गेला. आप्पाच्या हातची स्टुलं आणि जाळ्या किलोच्या भावानं भंगारात गेल्या.

अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या बाराबू गावी १९५९ साली सर्कशीचं संग्रहालय उघडलं. दोनशेच्या वर जुन्या गाड्या तिथं डागडुजी करून ठेवल्यात. १९६३ पासून कितीतरी वर्षं त्यातल्या गाड्या रेल्वेनं मिलवॉकीच्या मिरवणुकीला जायच्या. जुनं लाकूड जपायला पैसा लागतो, हे खरं. पण त्याआधी ते जपण्यासारखं आहे असं वाटावं लागतं. आपल्याकडं राजाची तलवार जपण्यासारखी वाटते. हत्तीखाली न मोडलेलं स्टूल नाही वाटत.

म्हणून दोस्तहो, एक काम करा. तुमच्या वस्तीत कुणी खलाशी असेल, रिंगबॉय असेल, हत्तीचा माहूत असेल, त्याच्याजवळ बसा. गाठ कशी मारायची, फळी कशी तपासायची, चिंधी किती पिळायची, सगळं विचारा. वहीत उतरवा, आणि वर त्याचं पूर्ण नाव लिहा. स्टुलं भंगारात गेली ती गेली. ही माणसं अजून बोलतात.